मेंटॉर स्टेजवर, नाना जमिनीवर

"मावशी, आजपासून तुम्ही मेंटॉर," असं आमच्या हॉस्पिटलच्या एचआरच्या तन्वी मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी 'मॉनिटर' ऐकलं. आमच्याकडे मॉनिटर म्हणजे पेशंटच्या उशाशी टीं टीं करणारं यंत्र. मी म्हटलं, "मॅडम, मी कोणाच्या उशाशी बसून टीं टीं करायचं?"

"मॉनिटर नाही हो, मेंटॉर. मार्गदर्शक. सरकारचा कायदा आलाय."

"पगार?"

"पगार तोच. मान वाढला."

मान वाढला की पगार वाढत नाही, हे मला तोवर पाठ झालं होतं.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला 'रुग्णसेवेचे अनुभव' लिहायला सांगितलं. सेवा देवाची करतात. मी नोकरी केली. पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात आया म्हणून लागले आणि तिथेच केस पांढरे झाले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण कंबर धरली की मला अजून तिथेच जावं लागतं. माझं शिक्षण चौथी. पण पेशंट झोपले की वॉर्डातला पेपर मी पहिल्या पानापासून शेवटच्या टेंडरपर्यंत वाचत आले, म्हणून चार ओळी लिहिता येतात.

आयाचं काम बाहेरच्यांना ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून जेवताना आठवायचं नसतं. डॉक्टर आजार बघतो, सिस्टर औषध बघते, आणि मग जो माणूस उरतो तो आयाच्या वाट्याला येतो. हा उरलेला माणूस जड असतो. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भांडं द्यायचं, भांडं घ्यायचं, त्याच्या शिव्या ऐकायच्या. करंजाड्याचे एक प्लॉटवाले शेठ आमच्याकडे होते. गळ्यातली साखळी एक्सरेला काढेनात. म्हणाले, "साखळीसकट काढा, पैशे जास्त घ्या." आत फ्रॅक्चर होतं की साखळीची कडी, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत धड दिसलं नाही. नवीन पनवेलच्या एक मास्तरीणबाई भांडं घेताना मला दर वेळी "थँक यू" म्हणायच्या आणि माझा हात लागलेला पाण्याचा ग्लास परत पाठवायच्या. तऱ्हेतऱ्हेची माणसं. आजारी पडल्यावर माणूस सुधारतो म्हणतात, मी तरी पाहिला नाही.

आता कायद्याकडे येते.

कायद्याच्या आधी काय चालायचं ते सांगते. हॉस्पिटलला जोडून एक ट्रेनिंगचा वर्ग होता. पेशंटची देखभाल शिकायला आसपासच्या गावांतून मुली यायच्या. शिकायला म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी एप्रन द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वॉर्ड द्यायचा. आया सुटली की तिच्या जागी दुसरी आया घ्यायचीच नाही, शिकाऊ पोरगी उभी करायची. पोरगी फुकट, वर तिनेच फी भरलेली. असा धंदा दूधवाल्यालासुद्धा जमत नाही, त्याला निदान म्हशीला चारा घालावा लागतो.

हे थांबवायला कायदा आला. तो मी वाचला. मराठीत होता, म्हणजे अक्षरं मराठी होती. सिस्टरच्या मदतीने त्यातलं इतकं कळलं की शिकाऊ मुलीला पेशंटजवळ एकटं सोडायचं नाही. तिच्यासोबत अनुभवी माणूस हवा, तो मेंटॉर. त्या माणसाला शिकवायला वेळ द्यायचा. आणि मुलीला कोचिंगही द्यायचं. कायदा वाईट नव्हता. ज्याने लिहिला त्याच्या आईला कधीतरी अशा एकट्या पोरीने उचललं असणार.

पण कायदा लिहितात मुंबईत आणि वाचतात आमच्या हॉस्पिटलात. मेंटॉर म्हणून त्यांनी आम्हा आयांना एकेक मुलगी वाटून दिली. मुलगी मिळाली म्हणजे तुम्हाला मदतनीस मिळाली, असं म्हणून आम्हाला आणखी एकेक वॉर्ड दिला. मी खालच्या मजल्यावर मेंटॉर आणि वरच्या मजल्यावर आया. मुलगी मात्र खालीच. म्हणजे पोरगी होती तिथेच आणि तेवढीच एकटी. फक्त आता काही बिघडलं तर विचारायला माझं नाव होतं.

राहिलं कोचिंग. कायद्यात कोचिंग म्हणजे काय अभिप्रेत होतं देव जाणे. सिस्टर म्हणाली, खेळाडूच्या शेजारी उभं राहून शिकवतात तसं. पण पनवेलमध्ये कोचिंग म्हणजे एकच गोष्ट. दोन मजले चढून जायचं, बाकावर बसायचं, आणि समोर एक सर. तन्वी मॅडमनी नवीन पनवेलचा एक दहावीचा क्लासवाला धरून आणला. त्याला आम्ही कोचिंगसर म्हणायचो. बिचारा गणित आणि विज्ञान शिकवायचा, त्याने रक्त फक्त पुस्तकात पाहिलेलं. तो मुलींना प्रश्न घालायचा, 'रुग्णाला कुशीवर वळवताना काय करावे? अ, ब, क, की वरीलपैकी सर्व?' मुली डोळे मिटून 'वरीलपैकी सर्व' लिहायच्या आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायच्या. मी एकदा दारातून म्हटलं, "सर, वरीलपैकी सर्व केलं तर पेशंट खाटेच्या पलीकडे पडेल." सर हसले. म्हणाले, "मावशी, परीक्षेच्या दृष्टीने बघा." माणूस वाईट नव्हता. त्याला माशासारखं झाडावर चढवलं होतं.

माझ्या वाट्याला आली दर्शना. गव्हाणची. त्यांच्याकडे जमिनीचे पैसे येऊन बंगला झालेला, दारात मोठी गाडी, भाऊ जागांच्या दलालीत. पोरीला घरी काही कमी नव्हतं, म्हणून घरच्यांना तिचं काम जास्त झोंबायचं. पहिल्या आठवड्यात भाऊ तिला न्यायला आला आणि मी समोर उभी असताना म्हणाला, "आपले घरी कामाला बाया येतान, आनि तू लोकांची भांडी उचलाला जातंस?"

दर्शना म्हणाली, "तुझी नाय उचलत ना? मग गप बस."

"एक जरी तक्रार आली ना, तं दुसरे दिवशी घरी बसायचं. पोरगा बघून ठेवलाय."

"पोरगा बघ, पन त्याला सांग, बायको डूटीवर हाय."

भाऊ माझ्याकडे वळला. "मावशी, तुमी सांगा हिला."

मी म्हटलं, "मी मेंटॉर आहे. मला पगार सांगायचा मिळत नाही."

पोरगी मला बरी वाटली. लाडाची होती, नखं रंगवलेली होती, पहिलं भांडं उचलताना तोंड असं केलं की पेशंटच घाबरला. पण दुसऱ्या दिवशी नखं कापून आली. कोर्स पुरा झाला तर स्वतःची नोकरी आणि स्वतःचं म्हणणं, आणि मधेच काढली तर भावाने बघितलेला पोरगा. एवढा साधा हिशोब होता तिचा.

मी तिला फार काही शिकवलं नाही. शिकवायला वेळ होता कुठे? एक गोष्ट मात्र पक्की सांगितली. ऑपरेशन झालेल्या पेशंटला खाटेवरून खुर्चीत घ्यायचं तर दोघी पाहिजेत. एकीने माणूस धरायचा, दुसरीने खुर्ची आणि त्याचे पाय बघायचे. एकटीने धरलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस गळ्यात पडतो. आणि दुसरीला बोलवताना ओरडायचं नाही. ओरडलं की पेशंटला वाटतं आपण ओझं झालो. आम्ही आया नुसती दोन बोटं वर करायचो. दोन बोटं दिसली की हातातलं टाकून यायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या हॉस्पिटलातली रीत.

आणि मग निघाला सत्कार.

कायदा चांगला राबवला म्हणून आमच्या हॉस्पिटलचं कौतुक करायला त्या कायद्याच्या समितीवरचे एक साहेब येणार होते. वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम. 'आदर्श मेंटॉर' म्हणून माझा सत्कार. मीच का? तन्वी मॅडम खरं बोलून गेल्या, "मावशी, तुम्ही वयस्कर आहात, फोटोत छान दिसतं." खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून वॉर्डातल्या सगळ्या आयांना, वॉर्डबॉयना आणि असतील तेवढ्या सिस्टरना वर बोलावलं. खालच्या मजल्यावर एक सिस्टर टेबलावर, फोनला चिकटलेली, आणि पेशंटजवळ दर्शना. शिकाऊ मुलीला एकटं सोडू नये, या कायद्याच्या कौतुकासाठी तिला एकटं सोडलेलं.

मी म्हटलं, "मॅडम, खाली नानांचं ऑपरेशन कालचं आहे."

"मावशी, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. मूड घालवू नका."

नाना म्हणजे नवीन पनवेलचे रिटायर कारकून, खुब्याचं ऑपरेशन. अतिशय किरकिरे. भांडं घ्यायला तयार नव्हते. म्हणायचे, "मी सरकारी नोकर होतो, झोपून करणार नाही." सरकारी नोकराने झोपून काय काय केलेलं असतं ते मला माहीत होतं.

स्टेजवर मला शाल घातली. चैत्रातलं ऊन, हॉलचा एसी बंद, आणि माझ्या अंगावर लोकरीची शाल. हातात नारळ. साहेब बोलायला उभे राहिले. "मेंटॉर म्हणजे कोण? जो सदैव आपल्या शिष्याच्या पाठीशी उभा असतो, तो मेंटॉर!" टाळ्या. मी बसलेली. माझी शिष्या कुठे होती, कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात हॉलच्या दारात दर्शना दिसली. घामाघूम. आत यायला लागली तर दारातल्या माणसाने अडवलं, "शू! मेंटॉरिंगवरच बोलतायत, ऐक." पोरीने तिथूनच हात वर केला आणि मला दोन बोटं दाखवली.

ती बोटं साहेबांनीही पाहिली. त्यांना वाटलं, पोरगी विजयाची खूण करतेय. त्यांनी हसून उलट दोन बोटं दाखवली. मग बघावं तर काय, पहिल्या रांगेतले सगळे डॉक्टर वळले आणि दोन-दोन बोटं नाचवायला लागले. निवडणूक जिंकल्यासारखा हॉल.

मी उठले. नारळ खुर्चीवर ठेवला. तन्वी मॅडम सूत्रसंचालन करत होत्या. मी उठलेली, दारात दोन बोटं, त्यांनी आपला अर्थ लावला. "मावशींना दोन शब्द बोलायचे आहेत! जोरदार टाळ्या!" आणि माईक माझ्या हातात.

मी माईकमध्ये म्हटलं, "मला खाली जायचंय. पोरगी एकटी आहे, नाना उठायला बघत असतील."

लोक हसले. मग टाळ्या वाजवायला लागले. काही जण उभे राहिले. साहेबांनी माझे दोन्ही खांदे धरून मला परत खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "बघा! सत्काराच्या क्षणीसुद्धा यांचं मन वॉर्डात आहे. यालाच म्हणतात मेंटॉर!"

मन वॉर्डात होतं हे खरं. हातपाय त्यांनी धरून ठेवले होते.

मी त्यांच्या हाताखालून निसटून जिना उतरले तोवर दर्शना परत गेली होती, कारण नाना एकटे होते. नाना तिची वाट न बघता पाय खाली सोडून उभे राहिले होते. तिने धरलं. त्यांनी घाबरून तिच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं खाली आले. मी पोचले तेव्हा पोरगी खाली, नाना तिच्या अंगावर, आणि टेबलावरची सिस्टर त्यांना उचलायला धडपडत होती. नानांचं मनगट सुजलं, खुबा वाचला. दर्शनाच्या कपाळाला खाटेचा पाय लागून टेंगूळ आलं. वर टाळ्या चालूच होत्या.

नानांचा मुलगा मुंबईहून आला आणि ओरडला. ओरडणारच. तक्रार झाली म्हटल्यावर हॉस्पिटलला कोणीतरी दोषी हवं होतं, आणि दोषी स्वस्तातला हवा होता. दर्शनाला सांगितलं, घरी थांब, चौकशी होईल. भावाला खबर लागली. त्याने म्हणे त्या पोराकडच्यांना चहाला बोलावलंसुद्धा.

चौकशीला मोठे डॉक्टर, तन्वी मॅडम, आणि कोच म्हणून कोचिंगसर. समोर मी आणि दर्शना. भिंतीवर माझा शालीतला फोटो. सत्कार झाल्याबरोबर छापून रिसेप्शनला एक आणि इथे एक लावला होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, एकटीने पेशंट उचलायचा नाही असं तुम्ही हिला सांगितलं होतं ना?"

"होतं."

"तरी हिने उचलला."

"उचलला नाही, झेलला."

"तेच ते."

"डॉक्टर, तुम्ही वरून पडा, मी झेलते. मग तेच ते आहे का सांगा."

तन्वी मॅडमनी गोडीने घेतलं. "मावशी, तुम्ही एवढंच सांगा की तुम्ही खाली वॉर्डातच होतात, जरा औषध आणायला बाजूला गेलात, तेवढ्यात हिने घाई केली. तुमच्यावर काही येणार नाही. मेंटॉर राहाल तुम्ही."

"आणि ही?"

"ही पुढच्या बॅचला बघू."

दर्शना खाली बघत होती. रडत नव्हती. गव्हाणच्या पोरी रडायच्या आधी भांडतात, पण भांडायलाही तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी औषध आणायला गेले होते, तर त्या फोटोत कोण आहे? माझी जुळी बहीण?"

सगळ्यांनी फोटोकडे बघितलं. शाल, नारळ, साहेबांचे दात.

"ही मला बोलवायला आली होती. बोटं दाखवली. तुम्हीही परत दाखवलीत, डॉक्टर, पहिल्या रांगेतून. मी माईकवर सांगितलं, पोरगी एकटी आहे. तुमच्या व्हिडिओत असेल."

व्हिडिओ लावला. तन्वी मॅडमनी त्यावर गाणं चढवलं होतं. माझं तोंड हलतंय, आणि आवाज सनईचा. मला वाटलं, झालं. पण कोचिंगसर खाकरले. ते तिसऱ्या रांगेत होते म्हणे. म्हणाले, "मी ऐकलं. मावशी म्हणाल्या, पोरगी एकटी आहे. मीही टाळ्या वाजवल्या." मग म्हणाले, "मला वाटलं भाषण आहे."

पुढे जे झालं ते न्याय नव्हता. दर्शनाला काढायचं तर कारण समितीला कळवावं लागणार होतं, आणि कारण समितीच्याच साहेबांच्या भाषणाखाली घडलेलं. ते कसं कळवणार? म्हणून शेवटी ठरलं, पेशंट सूचना न पाळता स्वतः उठला. दोषी ठरले नाना. नानांना ते कळलं तेव्हा त्यांनी सुजलेलं मनगट आपटून सांगितलं, "मी साध्या बाथरूमला उठलो, समितीला विचारून उठायचं होतं का?" त्यांच्या सगळ्या आयुष्यातलं हे एक वाक्य मला पटलं.

दर्शना राहिली, दोष तिच्यावर आला नाही म्हणून भावाचं चहाचं बोलावणंही बारगळलं. मी गेले. कायद्यात मेंटॉर दहावी पास पाहिजे असं एक कलम होतं, ते चौकशीनंतर अचानक सगळ्यांना दिसलं. आमच्या हॉस्पिटलात त्या कायद्याचं तंतोतंत पाळलेलं ते पहिलं कलम. दोन्ही फोटो उतरवले, आणि माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. सकाळी उठून कुठे जायचं नसलं की माणूस घरच्यांना सुधारायला लागतो, आणि घरचे वैतागतात. पण पोरीचा कोर्स पुरा व्हायला थोडाच अवधी होता, आणि आता तिच्याजवळ कोणी नव्हतं, हे जास्त टोचत होतं. अजून एकदा काही पडलं असतं, तर तिच्या भावाने गाडी आणून उभी केली असती.

माझ्या जागी मेंटॉर कोण, तर कोचिंगसर. दहावी पास, वर पदवी. दर्शनाने फोन करून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आता पेशंटला वरीलपैकी सर्व होणार."

"हसू नका मावशी. आज काय झायलं सांगू? एक बाय हाय, लय जड. खुर्चीत घ्यायचं होतं. सिस्टर फोनवर, आया वर. मी बोटं वर केली."

"कोणाला दाखवलीस? भिंतीला?"

"सरांना. ते दारान उभे होते, वही घेऊन."

"आणि त्यांनी परत दाखवली असतील."

"नाय. वही ठेवली खाली. आले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तोंड असं झालेलं त्यांचं, मना वाटलं हेच पडतान. नाकाला रुमाल बांधला. पन आले."

"कुठे उभे राहिले?"

"खुर्चीच्या वाटेन."

"शहाणाच आहे."

"मी पन तेच बोलले. बोलले, सर, तिथं नाय, इथं. खुर्ची धरा, बायचे पाय बघा."

"मग?"

"धरली. पाय बघितले. बाय बसली खुर्चीत."

निकाल नंतर लागला. पोरगी पास होणार, हे मला त्या फोनवरच कळलं.